बसवलं की बसते, पण रांगत नाही: दहा महिन्यांच्या मुलीचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातलं गाव, घर आणि काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगी 35 आठवडे पूर्ण होताच जन्मली. वजन 2.1 किलो. कावीळ होती आणि दूध ओढायला कमी पडत होती, म्हणून पाच दिवस नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात राहिली. श्वासाचा त्रास झाला नाही, झटके आले नाहीत, घरी आली तेव्हा अंगावर नीट पीत होती. थोडक्यात, जन्माच्या इतिहासात पुढच्या काळजीसारखं फारसं काही नव्हतं.

घर शहरातलं, तिसऱ्या मजल्यावरचा वन-बीएचके. आई, बाबा आणि बाबांची आई. आई सहाव्या महिन्यानंतर कामावर परतली आणि बाळ दिवसभर आजीकडे राहू लागलं.

पहिले दोन-अडीच महिने मालिश-अंघोळीला मावशी येत. त्या पाय लांब करून बाळाला पायांवर पालथं घालत आणि पाठ चोळत. तेवढी दोन-तीन मिनिटं का होईना, बाळ रोज पोटावर असायचं. दुसऱ्या महिन्यापासून ती दूध फार उलटायला लागली. पालथं केलं की गुळणी यायची, रडून लाल व्हायची. आजी म्हणाल्या, "नका गं पालथं घालू, जीव कासावीस होतो तिचा." ते बंद झालं, ते कायमचंच.

दवाखान्यातून घरी सोडताना 'पाठीवरच झोपवा' असं सांगितलं होतं. सल्ला योग्यच आहे. झोपेत अचानक होणारे बाळमृत्यू कमी व्हावेत म्हणून 1990 च्या दशकापासून जगभर तो दिला जातो. पण त्याचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे जागेपणी पोटावर, सांगायचा राहून गेला. घरच्यांच्या लक्षात राहिलं ते फक्त 'पाठीवरच'.

मग दिवस कुठे जायचा? झोळीत, भिंतीला टेकलेल्या पलंगावर, आजीच्या कडेवर आणि उष्टावणाला मामाने हौसेने आणलेल्या वॉकरमध्ये. वॉकर रोज साधारण दीड-दोन तास. जमिनीवर ती बसायची, तेही उशांच्या मखरात.

अडचण काय होती

नवव्या महिन्यातल्या गोवर-रुबेलाच्या लशीला नेलं तेव्हा "बसते का?" असा प्रश्न झाला. उत्तर आलं "हो, छान बसते," आणि विषय तिथेच संपला. दहा महिने एक आठवडा झाल्यावर घरचे पुन्हा आले. शेजारचं साडेआठ महिन्यांचं बाळ उंबरा ओलांडून यांच्या घरात रांगत आलं होतं आणि ही जागच्या जागी बसून बघत राहिली होती.

आधी वयाचा हिशोब. 40 आठवड्यांच्या हिशोबाने ती पाच आठवडे आधी आली, म्हणून वाढीचे टप्पे मोजताना पाच आठवडे वजा करायचे. दहा महिने एक आठवडा वजा पाच आठवडे, म्हणजे दुरुस्त वय सुमारे नऊ महिने. घरच्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. नुसत्या या वजाबाकीने आईचा निम्मा ताण उतरला.

दुसरा हिशोब रांगण्याच्या वयाचा. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांवर अभ्यास करून 2006 मध्ये सहा टप्प्यांचे कालावधी प्रसिद्ध केले. हात-गुडघ्यांवर रांगणं 5.2 ते 13.5 महिने, आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2, एकट्याने चालणं 8.2 ते 17.6. त्याच अभ्यासात सुमारे 4.3 टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी नीट चालली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2022 मध्ये टप्प्यांची यादी सुधारली तेव्हा रांगणं त्यातून वगळलंच.

म्हणजे तारखेकडे पाहिलं तर काहीच बिघडलेलं नव्हतं. मग अडचण होती की नाही? होती, पण घरचे सांगत होते ती नव्हती. ती बसवलं की बसायची, पण आडवी असताना स्वतः उठून बसता येत नव्हतं. बसलेली असताना स्वतः आडवी होता येत नव्हतं. थेट मागे आपटायची, म्हणून तर उशा. पोटावर ठेवली की वीस सेकंदांत रडायची. कुशीवर वळायची ती फक्त उजव्या. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत स्वतःहून जाणं तिच्याकडे नव्हतं. रांगणं न येण्यापेक्षा हे जास्त बोलकं होतं.

रांगणं कशावर उभं राहतं

हा भाग थोडा सविस्तर, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच झाले.

नवजात बाळाला पोटावर ठेवलं तर गुडघे पोटाखाली दुमडलेले आणि ढुंगण डोक्यापेक्षा उंच असतं. अंगाचा सगळा भार गालावर आणि छातीच्या वरच्या भागावर येतो. अशा उतारावर मान उचलणं कठीणच. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मांड्या हळूहळू सुट्या होतात, कंबर खाली टेकते आणि भार छातीवरून पोटाकडे सरकतो. तराजूचं एक पारडं खाली गेलं की दुसरं वर येतं, तसं डोकं वर येतं. तिसऱ्या महिन्याच्या आसपास बाळ कोपरांवर टेकतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात हात कोपरांत सरळ होतात, छाती जमिनीपासून सुटते आणि भार मांड्यांवर जातो. मधल्या काळात हातपाय एकदम उचलून विमान होतं, तेही पाठीचे स्नायू तयार होण्यासाठीच.

यानंतरची पायरी बहुतेकांच्या नजरेतून निसटते. खेळणं घ्यायला एक हात उचलायचा तर सगळा भार दुसऱ्या हातावर आणि त्याच बाजूच्या कुशीवर घ्यावा लागतो. बाळ आधी हे कोपरांवर करतं, मग सरळ हातांवर. त्यातूनच घड्याळाच्या काट्यासारखं पोटाभोवती गोल फिरणं येतं, मग पोटावर सरपटणं, मग चारही पायांवर येऊन पुढे-मागे झुलणं आणि शेवटी उजवा हात-डावा गुडघा, डावा हात-उजवा गुडघा अशी तिरकी चाल.

देवघरातला रांगता बाळकृष्ण आठवा. एक गुडघा टेकलेला, दुसरा पाय उभा दुमडलेला, एका हातात लोण्याचा गोळा आणि सगळा भार दुसऱ्या तळहातावर. मूर्तिकाराने अचूक तोच क्षण पकडला आहे. लोण्याचा हात मोकळा ठेवता येतो, कारण दुसरा खांदा पूर्ण भार घेतो. ही मुलगी नेमकी तिथे अडली होती. एका हातावर भार घेण्याचा सराव तिला कधी मिळालाच नव्हता.

तपासणीत काय दिसलं

वजन 7.8 किलो, डोक्याचा घेर 44 सेंमी. नजर, आवाजाकडे वळणं, हसणं, अनोळखी माणसाला बुजणं, चिमटीत मुरमुरा उचलायचा प्रयत्न, हे सगळं वयाला धरून.

दोन्ही हात धरून बसतं करताना मान मागे लोंबली नाही. पोटाखाली हात देऊन हवेत आडवी धरली तर मान आणि पाठ वर आली, पाय मात्र जरा लोंबते राहिले. कमरेला धरून अचानक पुढे झुकवली तर दोन्ही हात एकाच वेळी, पंजे उघडून, पुढे आले. हा पडताना स्वतःला सावरण्याचा प्रतिक्षेप. आठ-नऊ महिन्यांत तो येतो आणि दोन्ही बाजूंनी सारखा यावा लागतो. अंग किंचित सैल, पण दोन्हीकडे सारखंच.

फक्त उजव्या कुशीवर वळते, हे ऐकल्यावर अंगाची एक बाजू कमजोर आहे का ते पाहणं भागच होतं. तोंडावर रुमाल टाकला आणि उजवा हात हलकेच धरून ठेवला. डाव्या हाताने तिने तो तितक्याच झटक्यात काढला. डावी मूठ मिटलेली राहत नव्हती, घोटे दोन्हीकडे सारखे वाकत होते, मांड्या सारख्या फाकत होत्या, गुडघे दुमडून ठेवल्यावर एका उंचीवर होते. म्हणजे खुबाही जागेवर. कारण साधं निघालं: पलंगाची डावी बाजू भिंतीला लागलेली, घरातली सगळी वर्दळ उजवीकडे. डोक्याचा मागचा उजवा भाग थोडा चपटा झालेला होता, त्यानेही तेच सांगितलं.

उभी धरली की ती चवड्यांवर उभी राहायची. आईच्या मनातली खरी भीती हीच होती; चवड्यांवर उभं राहणं म्हणजे मेंदूच्या इजेमुळे आलेला ताठरपणा, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. पण घोटा सैल होता, काटकोनाच्या पुढे सहज वाकत होता आणि गुडघे सैल सोडून बसकं उभं केलं की टाच टेकत होती. ताठरपणामुळे उचललेली टाच अशी टेकत नाही. ही सवय वॉकरची: झोल्यात लटकून चवड्यांनी जमीन ढकलायची.

बाळाच्या हालचालींचं मोजमाप करणारी अल्बर्टा मापनपद्धत वापरली. तिच्यात 58 हालचाली पाहतात, पैकी 21 पोटावरच्या. तिचे बसण्यातले गुण वयाजोगते आले, पोटावरचे फारच कमी. सगळ्या बाजूंनी मागे असलेल्या मुलाचं चित्र असं दिसत नाही.

पापणीच्या आतली बाजू फिकट होती, म्हणजे रक्त कमी असल्याची शंका. विचारल्यावर कळलं की लोहाचे थेंब चौथ्या महिन्यात बाटली संपल्यावर पुन्हा आणलेच नव्हते, आणि आठव्या महिन्यापासून दिवसाला जवळपास अर्धा लिटर गाईचं दूध चालू होतं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाकडे लोहाचा साठा मुळातच कमी. त्यात गाईच्या दुधात लोह नगण्य.

कोणते पर्याय होते

थांबून पाहणं हा पहिला. आकड्यांचा पाठिंबा त्याला होता, 13.5 महिन्यांपर्यंत वेळ होता. पण घरातली व्यवस्था तीच राहणार असेल तर नुसतं थांबून काय बदलणार?

दुसरा, मेंदूचा एमआरआय. बाबांचा कल इकडे होता, "एकदा करून टाकू, शंका नको." या वयात एमआरआयसाठी बाळाला झोपेचं औषध द्यावं लागतं. एका बाजूची कमजोरी, ताठरपणा, आलेली गोष्ट विसरणं, डोक्याचा घेर वाढीच्या तक्त्यावरची आपली रेषा सोडून वर किंवा खाली जाणं, यांपैकी काहीही नव्हतं. म्हणून आत्ता नको; पण कधी करू, हे मात्र त्याच दिवशी ठरवून लिहून ठेवलं.

तिसरा, फिजिओथेरपी केंद्रात आठवड्यातून पाच दिवस. केंद्र रिक्षाने चाळीस मिनिटांवर, नेणार आजी एकट्या. तिथे अर्धा तास व्यायाम आणि उरलेला दिवस पुन्हा कडेवर आणि वॉकरमध्ये, असं झालं असतं.

आजींचा वेगळाच पर्याय होता. मावशींना परत बोलवायचं, तेल बदलायचं आणि वॉकरचा वेळ वाढवायचा, "म्हणजे पायांत बळ येईल." मालिशीला हरकत नव्हती, बाळाला ती आवडते. पण स्नायू चोळून घेतल्याने काम शिकत नाही, काम करून शिकतो. वॉकरमध्ये कमरेला काम नाही, खांद्यांना काम नाही, बाळाला स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि खाली वाकून काही घेता येत नाही. शिवाय पायऱ्यांवरून पडण्याचा आणि भाजण्याचा धोका. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरवर बंदीच घातली. आजी म्हणाल्या, "अहो, आमच्या वेळी पांगुळगाडा होताच की." मुद्दा रास्त आहे, पण पांगुळगाडा वेगळी चीज. त्यात बाळ बसत नाही. स्वतः उभं राहून, दांडा धरून तो ढकलतं. उभं राहता यायला लागल्यावर त्याला कुणाचीच ना नव्हती.

निवडलेला पर्याय: व्यायाम घरी, रोजच्या कामांत मिसळलेले, दर दोन आठवड्यांनी फिजिओथेरपिस्टची भेट, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची रक्ततपासणी, चार आठवड्यांनी फेरनिर्णय. चार आठवड्यांत पोटावरच्या स्थितीत काहीच बदल झाला नाही किंवा दोन बाजूंत फरक दिसू लागला, तर बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे.

उद्दिष्टही बदललं. 'रांगायला लावणं' खोडून 'स्वतः उठून बसणं आणि हवं ते स्वतः जाऊन घेणं' असं लिहिलं. बुडावर सरकत गेली तरी चालेल. हे आईला पटायला वेळ लागला.

काय केलं, आणि कुठे फसलं

थायरॉइड ठीक निघालं. हिमोग्लोबिन 9.4 आलं, म्हणजे कमी. किलोमागे रोज 3 मिलिग्रॅम लोह सुरू केलं आणि गाईचं दूध कमी करून नाचणी, डाळ, अंडं वाढवलं. पाचव्या दिवशी शी काळी झाली, आजींनी घाबरून थेंब बंद केले आणि ते सांगायलाही आठवडा गेला. लोह सुरू असताना शी काळी होतेच. हे आधी सांगायला हवं होतं, राहिलं.

पहिल्या दोन आठवड्यांचं काम एकच, पोटावर असणं सहन होणं. सुरुवात जमिनीवर नाही, आईच्या छातीवर. आई उशांना टेकून 45 अंशांत रेललेली, बाळ छातीवर पालथं, तोंडासमोर तोंड. उतारामुळे मान उचलायला कमी जोर लागतो. तिथे तीन-चार मिनिटं टिकायला लागल्यावर जमीन. जुन्या सुती दुपट्याची सात-आठ सेंटीमीटर जाडीची घट्ट गुंडाळी छातीखाली, बरोबर काखांशी. कोपरं गुंडाळीच्या पुढे आणि खांद्यांच्या खाली. मोठ्या माणसाचा एक हात कुल्ल्यांवर, हलका दाब पायांच्या दिशेने. हा दाब म्हणजे मघाचा तराजू: भार खाली सरकवला की मान आपसूक वर येते. गुंडाळी पोटाखाली गेली तर उलटं होतं, पोट दाबलं जाऊन दूध वर येतं. पाजल्यावर निदान अर्धा-पाऊण तास हे करायचं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात अजून हिंडू-फिरू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान 30 मिनिटं पोटावर ठेवायला सांगितलं आहे. आजींनी हे अर्धा तास सलग असं समजून अंघोळीनंतर, झोपेच्या तोंडावर उरकायचा प्रयत्न केला. तीन दिवस घरात नुसता आक्रोश. मग ते तोडलं: दोन-तीन मिनिटं, दिवसातून दहा-बारा वेळा, प्रत्येक वेळी लंगोट बदलल्यावर. रडायला लागली की उचलायचं नाही. कमरेला धरून कुशीवर वळवायचं, एकदा उजव्या, एकदा डाव्या, मग उचलायचं. रडण्यातून सुटायची वाट हाच सराव झाला. पलंगावर तिची झोपायची दिशाही उलटी केली, डोक्याच्या जागी पाय, म्हणजे वर्दळ तिच्या डावीकडे आली.

जमिनीचा प्रश्न होता. घरात गुळगुळीत टाइल्स, आणि बाळाला मोजे व पायघोळ पायजमा. अशात गुडघे मागच्या मागे घसरतात, बाळ पोटावर सपाट आपटतं आणि प्रयत्न सोडून देतं. दुसऱ्या टोकाला कापसाची गादी, तिच्यात कोपरं रुततात. शेवटी दीड सेंटीमीटर जाडीची फोमची चटई, गुडघे उघडे, पाय अनवाणी. उन्हाळा होता, त्यामुळे आजींनी फार ताणलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाजूला भार घेणं. वस्तू समोर ठेवायची नाही. घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, हात लांब केला की पोचेल इतक्या अंतरावर. महागड्या खेळण्यांकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. स्टीलची वाटी आणि तिच्यात चमचा, हे चाललं. चमचा वाटीत फिरवल्यावर होणाऱ्या आवाजासाठी ती डाव्या कोपरावर पूर्ण कलंडून उजवा हात लांबवायची, आणि पोचल्यावर चमचा आधी तोंडात. इथे बाबांची एक चूक झाली. ती जवळ आली की ते वाटी आणखी मागे ओढायचे, 'म्हणजे पुढे येईल'. दोन दिवसांत तिने वाटीकडे पाहणं बंद केलं. हात पोचला की वस्तू मिळालीच पाहिजे. अंतर वाढवायचं ते पुढच्या खेपेला.

बसतं करण्याची रीतही बदलली. हात ओढून उठवणं बंद. आधी कुशीवर वळवायचं, मग वरच्या बाजूच्या कमरेवर हात ठेवून पायांकडे आणि खाली दाब द्यायचा. बाळ खालच्या कोपरावर, मग तळहातावर जोर देत उठतं. दिवसातून जितक्या वेळा उचलायचं तितक्या वेळा असंच. वेगळा वेळ लागत नाही, म्हणून हे टिकलं.

चार आठवड्यांच्या भेटीत ती सरळ हातांवर उठत होती, पोटाभोवती दोन्ही बाजूंना अर्धा फेरा फिरत होती, डाव्या कुशीवर वळत होती. हिमोग्लोबिन 10.6. तज्ज्ञांकडे पाठवण्याची गरज उरली नाही.

पाचव्या आठवड्यात मात्र फोन आला, ती मागे मागे जाते. वाटीकडे बघत हातांनी जोर लावायची आणि सरकत दिवाणाखाली अडकायची. घरच्यांना वाटलं काहीतरी उलटं शिकवलं. हे नेहमीचं आहे. पोटावरच्या सरावाने हात आधी मजबूत होतात, ढकलणं सोपं. पायांनी रेटणं नंतर येतं. तळव्यांना मोठ्या माणसाचे तळहात लावून ठेवले, गुडघा दुमडून पाय रेटला की त्याला टेकू मिळाला. सातव्या आठवड्यात ती पुढे सरपटली.

याच सुमारास आजी सहज बोलून गेल्या, "हिचा बापही असाच होता. बुडावरच सरकायचा, वीस महिन्यांचा झाला तेव्हा चालला." ही माहिती पहिल्याच भेटीत हवी होती. बुडावर सरकणारी मुलं अनेकदा किंचित सैल अंगाची असतात, पोटावर राहणं त्यांना आवडत नाही, घरात कुणीतरी तसंच असतं आणि ती उशिरा पण नीट चालतात. पहिल्या दिवशी आई-बाबांना विचारलं होतं. स्वतःचं रांगणं बाबांना कुठून आठवणार? आजी तेव्हा बाहेर बाकावर बाळाची पिशवी सांभाळत बसल्या होत्या.

आठव्या आठवड्यापासून चारही पायांवर. मोठ्या माणसाने पाय लांब करून बसायचं, बाळ मांडीवरून आडवं, हात एका बाजूला जमिनीवर, गुडघे दुसऱ्या बाजूला. गुडघे कमरेखाली हवेत. या मुलीचे बेडकासारखे फाकायचे, म्हणून दोन्ही बाजूंनी हातांनी आत धरायचे. बाबांनी कुठलासा व्हिडिओ बघून ओढणी पोटाखालून घेतली आणि तिला वर उचलून धरलं. ती खुशीत हातपाय हवेत हलवत लोंबकळली. गुडघ्यांवर भारच नाही, तर शिकणार काय? ओढणी गेली. मांडीवरून झुलणं सुरू झालं, पुढे-मागे, आधी दोन-तीन वेळा, मग थकेपर्यंत.

निष्पत्ती

अकराव्या आठवड्यात, जन्मापासून सुमारे पावणेतेरा महिन्यांची असताना, ती हात-गुडघ्यांवर चार-पाच पावलं गेली. दुरुस्त वय साडेअकरा महिन्यांच्या थोडं पुढे. त्याच आठवड्यात दिवाण धरून उभी राहिली. महिनाभराने हिमोग्लोबिन 11.3 होतं. साडेसोळा महिन्यांची असताना एकटी चालली, टाचा टेकवून. डोक्याचा चपटेपणा केस वाढल्यावर शोधावा लागतो इतकाच उरला आहे.

हे सगळं केलं नसतं तर ती रांगली नसती का? कदाचित रांगली असती. बापाचा इतिहास पाहता बुडावर सरकून थेट उभीही राहिली असती. एका मुलीवरून याचं उत्तर देता येत नाही आणि देऊही नये. चार आठवड्यांत पोटावरचं चित्र बदललं, ते वेळेने की सरावाने की लोहाने, हे वेगळं काढता येत नाही. लोहाचा वाटा त्यातल्या त्यात लहान असावा, कारण हिमोग्लोबिन नीट वाढायच्या आतच ती पोटाभोवती फिरायला लागली होती. आजींचं मत अजूनही 'मालिशीने फरक पडला' असंच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

लशीच्या निमित्ताने हे बाळ सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात दवाखान्यात आलंच होतं. टेबलावर पालथं ठेवून अर्धं मिनिट बघितलं असतं तर ते पोटावर किती टिकतं हे तेव्हाच कळलं असतं. दूध उलटतं म्हणून पालथं घालणं थांबलं, हा खरा पहिला वळणाचा क्षण. तिथे 'पाजण्याआधी ठेवा, छातीवर ठेवा' एवढं सांगणारं कुणी नव्हतं.

नवव्या महिन्यात 'बसते का' याऐवजी 'आडवी असताना स्वतः उठून बसते का, आणि दोन्ही बाजूंनी का' असं विचारायला हवं होतं. बसवलेलं बाळ बसणं आणि बाळाने बसणं यांत फार अंतर आहे. लोहाचे थेंब चालू आहेत का, हाही तिथलाच प्रश्न. 'चालू होते' हे उत्तर 'चालू आहेत' म्हणून नोंदलं जाऊ नये.

पहिल्या भेटीत दिवसभर बाळ सांभाळणारी व्यक्ती खोलीत असायला हवी होती. व्यायाम आई-बाबांना दाखवले, करायचे होते आजींना. पहिला आठवडा त्यातच वाया गेला. दुसऱ्या भेटीपासून आजींनी स्वतः करून दाखवायचं आणि फिजिओथेरपिस्टने नुसतं बघायचं, असं ठरवलं. गुंडाळी पोटाखाली जात होती हे तेव्हाच लक्षात आलं.

वॉकर एका दिवसात बंद करायला लावणं हा निर्णय योग्य असला तरी नियोजन कच्चं होतं. आजींचा स्वयंपाकाचा तास त्या वॉकरवर चालायचा. त्याला पर्याय न देता तो काढला, म्हणून पहिले काही दिवस तो लपूनछपून वापरला गेला. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात चटई, दारात आडवी फळी, आणि चटईवर डबे-झाकणं-पळ्या, अशी सोय झाली. ही पहिल्याच दिवशी बोलून ठरवता आली असती.

एक गोष्ट अजून लक्षात ठेवून आहे. ती बसताना दोन्ही पाय मागे दुमडून, ढुंगण मधे टेकवून बसते. सैल सांध्यांची मुलं अशी बसतात. एकाच पद्धतीने सतत बसली तर कमरेतून वळायचं टाळते, म्हणून मधूनमधून दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसवायला सांगितलं आहे. पुढची भेट दुरुस्त वयाची दोन वर्षं होतील तेव्हा. तिथून पुढे ते पाच आठवडे वजा करणं थांबेल.